तंगडीचा तंटा

२०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये पन्नासच्या वर कावळे पटापट मेले आणि अख्ख्या लातूर जिल्ह्याला एकदम विषाणूशास्त्राची गोडी लागली. एरवी पिंडाला शिवला की नाही, एवढ्यापुरतीच ज्याची चौकशी होते, त्या कावळ्याचे नमुने सरकारी इतमामात भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. एच५एन१ निघाला. लगेच भोवतालचा १० किलोमीटरचा टापू सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाठोपाठ अहमदपूर तालुक्यात ढाळेगावला चार हजारांवर पिल्ले दगावल्याची बातमी आली. मग नांदेडच्या लोहा तालुक्यात, किवळ्याला, कोंबड्यांमध्येच बर्ड फ्लू सापडला. तिथेही १० किलोमीटर.

हे १० किलोमीटर मला फार आवडतात. उडणाऱ्या प्राण्यासाठी जमिनीवर आखलेली हद्द! अकराव्या किलोमीटरला कावळ्याने तलाठ्याकडून दाखला घ्यावा, अशीच सरकारची अपेक्षा असणार. पण थट्टा राहू द्या, नियम शहाणपणाचा आहे. रोग निघाला त्या जागेपासून किलोमीटरभरातले पक्षी मारायचे, १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची आणि पलीकडच्या कोंबडीवाल्याला धंदा करू द्यायचा. किवळ्यात कोंबडी मेली म्हणून औशातल्या शेडवाल्याने का मरावे?

आता हाच रोग अमेरिकेत निघाला तर? तिथे आयडाहो राज्यात कोंबडी शिंकली की तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या डेलावेअरची तंगडी आपण बंदरातच अडवत होतो. देश एक, कोंबडी एक, बंदी सरसकट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

अमेरिका काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. २०१२ साली तिने जागतिक व्यापार संघटनेत दावा ठोकला, क्रमांक ४३०. भारताचे म्हणणे होते की तीव्र बर्ड फ्लू तर सोडाच, सौम्य प्रकारचा निघाला तरी आम्ही माल घेणार नाही. त्यावर जिनिव्हात जो खल झाला त्याचा आमच्या भाषेतला मथितार्थ असा: ‘तुमच्याकडे सौम्य प्रकार आहे का?’ ‘सापडला नाही.’ ‘शोधायची व्यवस्था आहे का?’ इथे बहुधा कुणीतरी पाणी मागितले असावे. २०१४ला पॅनेलपुढे हरलो, २०१५च्या जूनमध्ये अपिलातही हरलो. निकालात दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले होते: घरात शोधत नाही तो रोग दारातल्याकडे शोधता, आणि घरात हद्द आखता तर बाहेर अख्खा देश बंद करता. अपमान वाटावा इतके खरे.

भांडण तंगडीवरूनच का, हे मात्र कायद्याच्या कागदात सापडत नाही. अमेरिकन माणूस कोंबडीची छाती खातो, पाय त्याला नकोसे. आपल्याकडे एका कोंबडीला दोनच तंगड्या असतात, यावर घराघरांतले राजकारण चालते. एक जावयाची, दुसरी लेकराची, आणि जिने रांधले तिच्या ताटात मानेचा तुकडा. अमेरिकेत मात्र तंगड्यांचे डोंगर पडून. त्या इथे स्वस्तात आल्या, तर शेडमध्ये करारावर पक्षी वाढवणारा शेतकरी पहिला आडवा होईल. त्याच्याकडे कंपनीची पिल्ले, कंपनीचे खाद्य, कंपनीचे औषध. स्वतःचे म्हणाल तर शेड आणि शेडवरचे कर्ज. म्हणून आपण तंगडीवर १०० टक्के आयात शुल्क लावून ठेवले. ते रोखठोक होते. रोगाचे निमित्त वरून लावले, आणि तिथेच फसलो.

पुढे अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिशोधाची परवानगी मागितली. बरीच वर्षे हे घोंगडे भिजत पडले आणि २०२३च्या सप्टेंबरात, दिल्लीत जी-२०चे पाहुणे जेवायला बसले असताना, वाद मिटला. कशावर? तर गोठवलेली टर्की, गोठवलेले बदक, ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी यांवरचे शुल्क आपण उतरवले. लोह्याच्या बाजारात जाऊन कुणी अर्धा किलो टर्की मागून पाहावीच.

अमेरिकन कोंबडीला फक्त आपणच नाक मुरडतो, असे मात्र नाही. युरोपने १९९७पासून तिला दार बंद केले आहे, कारण तिला कापल्यावर क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात. युरोप म्हणतो, शेड स्वच्छ ठेवा म्हणजे शेवटी आंघोळ घालावी लागणार नाही. अमेरिका म्हणते, आंघोळीत वाईट काय? (तिथले कारखाने आता बहुतेक दुसरेच आम्ल वापरतात, पण बदनाम झाला तो क्लोरीन.) अंड्यांचेही तसेच. अमेरिका अंडी धुऊन फ्रिजमध्ये ठेवते, युरोप दुकानात जाणारे अंडे धुऊ देत नाही. आपले अंडे मोटारसायकलवर ट्रे बांधून येते, आणि ते कोंबडीनेच घातले याचा पुरावा टरफलावर चिकटलेला असतो.

आपले मानक वेगळेच. चिकन सेंटरवर जाळीतली कोंबडी बोटाने दाखवायची. दुकानदार पंख धरून ती काट्यावर ठेवतो, आकडा दाखवतो आणि विचारतो, ‘विथ स्किन की विदाउट?’ मधल्या काळात लाकडी ठोकळ्यावर मागच्या गिऱ्हाइकाची कोंबडी पाण्याच्या एका हबक्याने वाहून गेलेली असते. ते पाणी ज्या ड्रममधले, त्या ड्रमकडे गिऱ्हाईक बघत नाही. भिंतीवर अन्नसुरक्षेचा परवाना, त्यालाही उदबत्तीचा धूर. ‘डोळ्यांसमोर कापली’ हाच आपला अन्नमानकांचा कोडेक्स. पण डोळ्यांना सगळेच दिसत नाही. कोलिस्टिन नावाचे प्रतिजैविक जनावरांना नि कोंबड्यांना देण्यावर केंद्राने २०१९च्या जुलैत बंदी घातली. ते दिले असले तरी कोंबडीच्या डोळ्यांत दिसत नाही, तुऱ्यावर दिसत नाही, काट्यावरही येत नाही.

कोंबडी काय खाते, हा प्रश्न तर आपल्या दारातलाच. लातूर म्हणजे सोयाबीन, आणि सोयाबीनची पेंड म्हणजे कोंबडीचे खाद्य. जनुक बदललेले सोयाबीन आपल्या रानात पेरायला मनाई आहे. पण २०२१च्या ऑगस्टमध्ये, लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास असताना, कोंबडीवाल्यांना खाद्य परवडेना म्हणून केंद्राने त्याच जनुक बदललेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला मोकळीक दिली. पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली नाही. का? तर दळून, तेल काढून झालेल्या पेंडीत जिवंत असे काही उरत नाही! म्हणजे शेतकऱ्याच्या हातात धोकादायक असलेले बी कोंबडीच्या पोटात निर्धोक. नवे पीक बाजारात येईतो भाव पाच-सहा हजारांवर आला. हंगामाच्या तोंडावर भाव उतरतोच, हे खरे. पण पेंडीत जिवंत काही नसताना तिच्या नुसत्या बातमीने भावाने मान कशी टाकली, याचे नमुने अजून कुणी भोपाळला पाठवलेले नाहीत.