एक जूनची माणसं

सुरगाण्यात एक जून उजाडतो तोच वाढदिवसांचा भार घेऊन. बोरगावच्या नाक्यावरच्या टपरीपासून तहसील कचेरीच्या ओट्यापर्यंत, ज्या कोणा पन्नाशी-साठीच्या माणसाला विचारावं तो आजच्याच दिवशी जन्मलेला. सासरा आजचा, जावई आजचा, आणि दोघांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थही आजचाच. परक्या माणसाला वाटावं, या डोंगरांतल्या आयांनी आपसांत काही ठरवून ठेवलं होतं की काय! तसं काही नसतं. हा सगळा प्रताप शाळेचा. महाराष्ट्रात गावोगावी एक जूनची माणसं भेटतात, पण जिथे जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीपर्यंत कोणी उतरत नसे, अशा डांगाच्या कडेच्या मुलखात त्यांचं पीक अधिक दाट.

हे पीक कसं लावलं गेलं ते डोळ्यांसमोर आणून पाहावं. मे महिन्याची अखेर आहे, राब भाजून झाले आहेत, आणि पटनोंदणीला निघालेले गुरुजी काखेत रजिस्टर मारून पाड्यावर पोचले आहेत. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, कापडी पाठ उसवलेली. मूल आईच्या लुगड्यामागे. जन्म कधीचा? आई विचार करून सांगते, ‘आवणी चालू होती गुरुजी. नार भरून चालली होती.’ कुठल्या साली? ‘मोठ्याच्या मागून दोन सालांनी.’ बरं, मोठा कधीचा? ‘तो वाघबारशीचा.’ माहिती पुरेपूर आहे. पाऊस आहे, नदी आहे, सणवार आहे, फक्त रकान्यात मावेल असं त्यात काही नाही. आईच्या आठवणीत जन्म डोंगरावर उतरलेल्या धुक्यासारखा सगळीकडे पसरलेला असतो. रजिस्टरातला रकाना मात्र दोन बोटांचा. मग गुरुजी मुलाला पुढे घेतात. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर पाहू. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पुरी. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून येत्या जूनमधून सहा वजा करायची आणि लिहायचं, एक जून. खाली अक्षरी. आवणीत जन्मलेलं पोर महिना-दीड महिना आधीच जन्माला येतं आणि वाघबारशीचं पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्याने काय केलं, हे कोणी विचारत नाही.

मला त्या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. कारण देशाचं अवघं शैक्षणिक धोरण म्हणतात ते तेव्हा त्या टाकाच्या टोकावर येऊन थबकलेलं असतं. 1854 सालचा वूडचा खलिता, 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलेली रयतेच्या पोरांची बाजू, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोखल्यांनी 1911 मध्ये आणलेलं आणि पुढे फेटाळलं गेलेलं विधेयक. सुरगाण्याला या कशाचीच वार्ता नव्हती. ते आपलं छोटंसं संस्थान सांभाळून होतं, ते 1948 पर्यंत. मग राज्यघटना आली. तिने 45 व्या कलमात सांगितलं की चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा दहा वर्षांत प्रयत्न करावा. म्हणजे 1960. प्रत्यक्षात तो हक्क घटनादुरुस्तीने 2002 मध्ये लिहिला गेला, त्याचा कायदा 2009 मध्ये झाला आणि अंमल सुरू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. (सरकारी वर्ष त्या दिवशी सुरू होतं म्हणून; भलतं काही मनात आणू नये.) पाच मिनिटं उशिरा आलेल्या पोराला अंगठे धरून उभं करणाऱ्या या देशात पन्नास वर्षं उशिरा आलेल्या कलमाला कोणी छडीदेखील दाखवली नाही.

तरी नाशिक जिल्ह्यातल्याच एका पोराची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मालेगावकडच्या कवळाण्याचा हा मुलगा 1863 चा. बारा वर्षांचा झाला तरी अक्षरओळख नव्हती. आजच्या भाषेत शाळाबाह्य, सर्वेक्षणात सापडला असता तर वयानुरूप वर्गात बसवला असता. पण त्याला बडोद्याच्या गादीवर बसवलं गेलं, आणि अक्षरं त्यानंतर आली. त्याच सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. डांगाच्या पलीकडे सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं. उशिरा शिकलेल्या माणसाला घाई झालेली असते, हे मला त्यांच्यावरून कळलं. अलीकडच्या अंगाला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, ती घाई दादासाहेब बिडकरांना आणि त्यांच्या डांग सेवा मंडळाला झाली. पण मधली कितीतरी वर्षं पोरं नागलीच्या वावरातच मोठी झाली होती.

असो. गुरुजींनी लिहिलेली तारीख मात्र चिवट निघाली. दाखल्यावरच्या नोंदीत फेरफार केल्यास कारवाई होईल अशी तळटीपच असते, त्यामुळे ती नोकरीत शिरली, सातबाऱ्याच्या फायलीत शिरली, लग्नपत्रिका तेवढी सुटली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो; म्हणून दरवर्षी 31 मे रोजी राज्यभर सत्काराच्या शाली एकदमच कमी पडतात. पुढे आधार कार्ड आलं. तारीख ठाऊक नसेल तर तिथे साल अंदाजे धरून 1 जानेवारी पडते. ज्याला मुळात जन्मतारीखच नव्हती त्याच्याकडे आता दोन झाल्या, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून बँकेतला माणूस त्याच्याकडे संशयाने बघतो. मजा अशी की 2009 च्या कायद्यानेच लिहून ठेवलं आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये. म्हणजे कान धरायला लावणारे गुरुजी कायद्याच्या कितीतरी आधी कायद्याने वागत होते. खोटी तारीख लिहून त्यांनी खरं मूल आत घेतलं.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तारखेबरोबर घटका-मिनिटंही कागदावर चढतात. पहिलीचं वयही महाराष्ट्रात 31 डिसेंबर धरून मोजतात. दहा अधिक दोन जाऊन 2020 च्या धोरणाने पाच-तीन-तीन-चार आणलं आहे. एक जूनचं काम संपत आलं. नव्या पोरांचे वाढदिवस बारा महिने विखुरलेले, त्यामुळे पाड्यावर केकचा खर्च वाढला अशी आजोबांची कुरकुर असते. त्यांचा स्वतःचा वाढदिवस नातवाने मोबाईलवर शोधून काढला आणि सकाळीच हाक मारली, ‘बाबा, आज तुम्ही किती वर्षांचे झालात?’

म्हातारा आवताचा दोर वळत होता. मान वर न करता म्हणाला, ‘गुरुजींनी लिहिलंय तेवढा.’