बोर्डराव

बोर्डराव तुमच्याही ऑफिसात असतील. आमचे हिंजवडीत खिडकीकडे पाठ करून बसतात. कॅन्टीनमध्ये चहा घेताना सहज म्हणावं, "काल रात्रीपासून मान धरलीय हो," की लगेच विचारतात, "बोर्डावर आहे का?"

बोर्ड म्हणजे जिराचा, कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरचा. त्यावर नोंद नसेल ते दुखणं बोर्डरावांच्या लेखी दुखत नाही.

सोसायटीच्या सभेत कुणी तरी ओरडलं, "टाकी गळतेय!" हे शांतपणे म्हणाले, "बोर्डावर आहे का?" पाणी तोवर जिन्यात आलं होतं. भाचीच्या लग्नाचा तर त्यांनी गँट चार्टच काढला. रुखवत, वाजंत्री, जावईबापूंचा रुसवा, सगळ्याला आडव्या पट्ट्या. रुसव्याला दोन तासांचा बफर. मुहूर्त हा माइलस्टोन, म्हणजे कालावधी शून्य; मंगलाष्टकं लांबवणाऱ्या मावशींकडे हे क्रिटिकल पाथ अडवल्यासारखे बघत होते. करंज्या कमी पडल्याचं व्याह्यांनी सांगितलं, तेव्हा यांनी काय विचारलं ते सांगायला नकोच. अखेर एका रविवारी वहिनींनीच ऐकवलं, "आज स्वयंपाक नाही. बोर्डावर नव्हता." त्या दिवशी बोर्डराव निमूटपणे मिसळ खाऊन आले.

माणूस छळवादी, पण त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठं अडत नाहीत, हे नाइलाजानं कबूल करायला हवं. नवा मुलगा फुशारकीनं सांगतो, "सर, नव्वद टक्के झालंय." बोर्डराव विचारतात, "उरलेल्याला किती तास?" पोरगा छताकडे बघतो. मग हे टक्क्यांचा रकानाच लपवायला लावतात आणि कामाचे दोन-दोन दिवसांत संपतील असे तुकडे पाडायला सांगतात. तुकडा एक तर झाला किंवा नाही झाला. पाच दिवसांत कुणी हात न लावलेल्या कामांचा फिल्टर त्यांनी लावून ठेवलाय. त्याची यादी दर सोमवारी आपोआप सगळ्यांच्या मेलमध्ये पडते. कुणावर ओरडावं लागत नाही. साहेबांना तीन ओळी: काय झालं, काय अडलं, कुणाचा निर्णय हवाय. रंगीत तक्ते मागितले तरच.

आणि बेसलाइन. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका आराखड्याच्या अकरा बेसलाइन ठेवता येतात. बोर्डराव म्हणतात, नव्या हव्या तेवढ्या घ्या, पहिलीवर लिहू नका. आपण काय कबूल केलं होतं ते तिथंच कळतं.

याच हट्टापायी ते गेल्या वर्षी गोत्यात आले. वरिष्ठांच्या बैठकीत सगळ्यांचे अहवाल हिरवेगार. आतून लाल असलेली कलिंगडं नुसती! बोर्डरावांचाच अहवाल बाहेरूनही लाल होता. पहिली बेसलाइन आणि आजची तारीख त्यांनी शेजारीशेजारी मांडली आणि मध्ये तारीख कुणी, कधी सरकवली तेही दाखवलं. खोलीत कुणी बोललं नाही. "जरा पॉझिटिव्ह राहा," एवढंच साहेब म्हणाले.

पुढच्या महिन्यात अहवालाचं काम दुसऱ्याकडे गेलं. प्रकल्प दोन महिने उशिरा संपला, अहवालात शेवटपर्यंत हिरवा होता. बढती अहवाल करणाऱ्याला मिळाली.