टोकियोत भांडण मिळेना

परदेशात काय जड जातं असं विचारलं तर लोक हवा, जेवण, भाषा असलं काहीतरी सांगतात. जपानपुरतं माझं उत्तर वेगळं आहे. तिथे वाद घालायला निमित्त मिळत नाही. कंपनीने यंत्रांच्या चाचणीसाठी मला टोकियोला धाडलं, तेव्हा मी पापड, मेतकूट आणि डोंबिवली लोकलमध्ये कमावलेला आवाज एवढं घेऊन निघालो होतो. मेतकूट संपलं. आवाज जवळजवळ न वापरता परत आला.

सिंगापूरमार्गे रात्रभर प्रवास करून नारिताला उतरलो तेव्हा पाय सुजलेले, मान एका बाजूला वळलेली आणि मन भांडणाला पूर्ण तयार. बॅग येणार नाही, आली तर चाक तुटलेलं असेल, या हिशेबाने वाक्यं विमानातच जुळवून ठेवली होती. पट्ट्यापाशी पोचलो तर बॅगा हँडल आमच्याकडे करून ओळीने उभ्या. हातमोजे घातलेली एक मुलगी माझ्या बॅगेवरचं पाणी पुसत होती. वाक्यं परत गिळली.

नारिता म्हणे टोकियोचा विमानतळ. शहराच्या मध्यापासून तो साठेक किलोमीटर लांब आहे. आमचं डोंबिवलीही सीएसएमटीपासून इतकं लांब नाही, आणि तरी आम्ही स्वतःला मुंबईकर म्हटलं की लोक भुवया उंचावतात. हा मुद्दा कुणापुढे तरी मांडावा म्हणून बसकडे वळलो. सामान चढवणारे दोघे बस निघताना फुटपाथवर उभे राहून कमरेत वाकले. वाकलेल्या माणसाशी अंतराबद्दल काय बोलणार?

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. अमेरिकेला जाऊन आलेले लोक याला जेट लॅगच मानत नाहीत. त्यांनी जून महिन्यात टोकियोला झोपून दाखवावं. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा पोट म्हणतं, साडेआठ झाले, पानं घ्या. मग कसाबसा डोळा लागतो आणि साडेचारला खिडकीतून लख्ख ऊन तोंडावर येतं. उगवत्या सूर्याचा देश हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांच्या खोलीला जाड पडदे नसणार. शरीराच्या हिशेबाने तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. शिवाय मुंबईचे साहेब संध्याकाळी सात वाजता निवांत होऊन फोन करणार, म्हणजे माझे साडेदहा. दोन्ही टोकांनी झोप कापली जाते आणि तक्रार करायची तर सूर्याकडे.

हॉटेलची खोली एवढी की बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढायचं. पण संडास राजेशाही. बसकण गरम, बाजूला बटणांची पाटी आणि हवं तेव्हा, हव्या त्या जोराने पाणी. टोटो कंपनीने १९८० साली हे यंत्र वॉशलेट नावाने बाजारात आणलं. कागदाच्या देशांत प्लॅस्टिकची बाटली लपवून फिरलेल्या भारतीयाला तिथे भरून येतं. एक बटण तर नुसत्या पाण्याच्या आवाजाचं आहे. आपला आवाज शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून बायका पाणी सोडत बसायच्या, ते पाणी वाचावं म्हणून ही सोय. ज्या देशात या आवाजालासुद्धा संकोच आहे, तिथे माझा निभाव लागणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

तरी खरी आशा रेल्वेवर होती. शिंजुकू स्टेशनातून रोज पंचवीस लाखांहून जास्त माणसं जातात आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर दारं आहेत. म्हटलं, हे आपलं मैदान. सकाळी साडेआठला कोपर बाहेर काढून फलाटावर उभा राहिलो. गर्दी आमच्याइतकीच होती, पण ती खुणेवर रांगेत उभी. उतरणारे उतरले, मग चढणारे चढले. डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि तरी सगळं गप्प. फोनवर कुणी बोलत नाही, चौथ्या सीटसाठी कुणी ‘जरा सरका’ म्हणत नाही, भजन नाही, पत्ते नाहीत. छातीवर सॅक धरून मीही गप्प राहिलो. कोपराला काही काम उरलं नाही.

उशिरावरून तरी बोलता येईल म्हणावं, तर गाडी पाच-दहा मिनिटं उशिरा आली की स्टेशनात उशिराचा दाखला मिळतो. कचेरीत दाखवायचा. आमच्या लोकलने असे दाखले वाटायचे ठरवले तर वेगळा छापखाना काढावा लागेल. २०१७ साली त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. आधी सुटली म्हणून! आपण तोंड उघडायच्या आत समोरचा माफी मागून मोकळा झाला, तर आपण करायचं काय?

कचेरीतही तेच. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि घेतल्यावर वाचायचं. न वाचता खिशात कोंबणं हा मोठा अपमान. कारखान्यात सकाळी रेडिओच्या तालावर कवायत होते. ही रेडिओ तायसो १९२८ पासून चालू आहे. सत्तरीकडे झुकलेले एक फोरमन माझ्यापेक्षा खाली वाकत होते. नंतर मीटिंगमध्ये मी आमच्या यंत्राची बाजू जोरात मांडली, टेबलावर हातही आपटला. समोरच्या सहा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. निर्णय त्यांचा आपापसांत आधीच झालेला होता, आणि तो आमच्या बाजूने होता. माझं भाषण फुकट गेलं.

खाण्याचं विचारू नका. मी शाकाहारी. ‘मांस नाही ना?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात आणि ते खरं असतं. पण सूपचं पाणीच वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसात उकळलेलं. शेवटी रस्त्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली ओनिगिरी सापडली. भाताचा त्रिकोण आणि पोटात उमे नावाचं आंबट-खारट फळ. लोणचं-भातच. वेष्टनावर एक, दोन, तीन असे आकडे आणि त्याच क्रमाने ओढायचं. सोबत केळं. आता केळ्याची साल टाकायची कुठे? १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक कचराकुंड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. ती साल माझ्याबरोबर दोन मीटिंगांना आली, व्हिजिटिंग कार्डांच्या शेजारी.

रविवारी निशी-कासाईला गेलो. हा एडोगावा वॉर्डातला भाग भारतीयांचा. २००० सालच्या आसपास संगणकवाले इथे राहायला आले आणि पुढे डाळ-तांदळाची दुकानंही आली. २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचा मराठी माणूस एडोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आला. किराणा दुकानात मी सवयीने थोडा पुढे सरकलो, तर मागून आवाज आला, “ओ काका, लाईन इकडून आहे.” कानाला बरं वाटलं. पाच मिनिटं आमची छान जुंपली. मग ते गृहस्थ नाशिकचे निघाले. त्यांनीच सांगितलं, आसाकुसाला गणपती आहे, बघून या.

सुमिदा नदीजवळच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ. शोदेन म्हणजे आपलाच बाप्पा, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. आणि नैवेद्य? पांढराशुभ्र, हातभर लांब मुळा! दारातच विकत मिळतो. देवापुढे मुळ्यांची रास. ज्याच्यासाठी आपण कळ्या पाडून एकवीस उकडीचे मोदक करतो, त्याच्यापुढे कोशिंबिरीचं सामान. भांडायला याहून चांगलं निमित्त मला सगळ्या मुक्कामात मिळालं नव्हतं. पण भटजी हसून वाकले आणि देवाला वाहिलेले मुळे भक्तांना फुकट देतात, त्यातला एक माझ्या हातात दिला.

देऊळ सुंदर आहे, तुम्ही टोकियोला गेलात तर जरूर जा. मुळा गोड निघाला, हेही मान्य. पण मोदकाची जागा मुळा घेऊ शकत नाही, आणि या विषयावर मी कुणाशीही, कधीही बोलायला तयार आहे.