माळेगावापर्यंत पाटील

आमच्या वहिनी लातूरहून निघतात तेव्हा डॉ. पाटील असतात आणि नांदेडला उतरतात तेव्हा डॉ. देशमुख. मधे चाकूर जातं, शिरूर ताजबंद जातं, अहमदपूरला चहा होतो, जिल्हा बदलतो आणि माळेगावच्या खंडोबाला गाडीतूनच हात जोडले की वहिनींचं आडनाव बदलतं. वाटेत फोन वाजला तर त्या आधी खिडकीबाहेर बघतात. ज्वारीच्या रानावरून कुठवर आलो याचा अंदाज घेतात आणि मग म्हणतात, "हां, डॉक्टर देशमुख बोलतेय." खंडोबा मागं पडायचा असेल तर "पाटील". खंडोबाचं बरं आहे. तो मल्हारी, तोच मार्तंड, आणि कुठल्याच खिडकीवर त्याला कुणी ओळखपत्र मागत नाही.

वहिनींच्या पर्समध्ये दोन लेटरपॅड आणि दोन रबरी शिक्के असतात. शिक्के सारखेच दिसतात म्हणून एकाच्या मुठीला लाल दोरा बांधलाय. लाल दोरा म्हणजे सासर.

हे सगळं कुणी ठरवून केलेलं नाही. वहिनी अंबाजोगाईला शिकल्या आणि लातूरला औसा रोडवर वडिलांच्या घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना टाकून बसल्या. गुण आला. 'पाटील मॅडम' हे नाव गंजगोलाईतल्या भाजीवाल्यांपर्यंत पोचलं. मग १९९६ साली आमच्या दादाशी लग्न ठरलं. आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, डॉक्टर सून मिळाल्याचा असा काही आनंद झाला, की वरात यायच्या आधीच त्यांनी नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये गाळा घेऊन त्यावर बोर्ड चढवला : 'डॉ. सौ. देशमुख, स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ'. नवरीला विचारायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. वहिनींनी बोर्ड बघितला, हसल्या, "छान आहे अण्णा" म्हणाल्या आणि पुढच्या गुरुवारी लातूरला जाऊन पाटील म्हणून बसल्या. तेव्हापासून गुरुवार-शुक्रवार पाटील, बाकी वार देशमुख.

अण्णांचं गणित साधं होतं. पाटील गावाचा, देशमुख परगण्याचा. म्हणजे लग्नानं सुनेला बढतीच मिळाली, तिनं पेढे वाटायला पाहिजेत. वतनं कधीच गेली, पण अण्णांच्या डोक्यातला परगणा खालसा करायला कुठलं सरकार धजावलं नाही. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "अण्णा, तुमच्या परगण्यातली एक तरी बाई माझ्याकडं बाळंत झालीय का अजून? माझी रयत सगळी गावात आहे."

मी धाकटा दीर. घरात रिकामा माणूस मी एकटाच, त्यामुळं वहिनींची फाईल पहिल्यापासून माझ्या काखेत. त्या फाईलइतकं मनोरंजक वाङ्मय मी दुसरं वाचलेलं नाही. पदवी पाटील नावाची, आणि ती देणारं विद्यापीठ 'मराठवाडा विद्यापीठ'. विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला, पदवी घेणारीचा दोन वर्षांनी. वैद्यक परिषदेची नोंदणी पाटील, घरपट्टी देशमुख. पॅन कार्डावर तर नवऱ्याला जागाच नसते, तिथं वडिलांचं नाव छापतात. आयकर खात्याच्या लेखी आमचा दादा जन्मालाच आलेला नाही, आणि मार्च महिना लागला की त्याला याचं फार समाधान वाटतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. वहिनींनी एकदा बदलून देशमुख करून घेतलंय, एक संधी शिल्लक आहे. घरात भांडण झालं की त्या दादाला एवढंच म्हणतात, "एक शिल्लक आहे, लक्षात ठेवा."

सगळ्यात कहर सातबाऱ्यानं केला. वहिनींचे वडील वारल्यावर औसा तालुक्यातल्या जमिनीला वहिनींचं वारस म्हणून नाव लागलं. उतारा हातात आला तर त्यावर ना पाटील, ना देशमुख. वहिनींचं पहिलं नाव, मग 'भ्र.', मग दादाचं नाव. वहिनींना वाटलं, भ्रमणध्वनी लिहायचा राहून गेला. मी म्हणलं, "वहिनी, भ्र. म्हणजे भ्रतार." आमच्याकडं पुरुषाला पि., म्हणजे पिता, आणि बाईला भ्र. एवढ्या दीड अक्षरात महसूल खातं बाईची सगळी वंशावळ बसवतं.

खरं तर लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात कुठंही नाही. हे वाक्य मी एका बँकेच्या काउंटरवर ठणकावून म्हणलो होतो. पलीकडच्या मुलानं नम्रपणे विचारलं, "मग सर, तुम्ही यांचे कोण?" एका कंपनीचा धनादेश 'डॉ. पाटील देशमुख' अशा नावानं आला होता आणि असं नाव असलेलं माणूस बँकेच्या कुठल्याच खात्यात सापडत नव्हतं. शेवटी सही तपासायचं ठरलं. तिथं मात्र वहिनी सुटल्या. डॉक्टरी अक्षर. एक उभी रेघ, पुढं पावसाळी नदीसारखं काहीतरी वळवळत गेलेलं, खाली दोन टिंबं. त्यात पाटील वाचा, देशमुख वाचा, क्रोसिन वाचा, सगळं बसतं.

नाव बदलण्याचा रिवाज नुसता आडनावावर भागत असता तरी बरं होतं. आपल्याकडं खरी मोडतोड मधल्या नावात होते, बापाच्या जागी नवरा येतो. आणि जुन्या काळी तर पहिलं नावही तांदळात पुरायचं. आनंदीबाई जोश्यांचं बघा. माहेर जोशी, सासरही जोशी, आडनाव आयतं शाबूत; तरी यमुनेची आनंदी झालीच. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली ती आनंदी. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. दोन यमुना तांदळाच्या ताटात बुडाल्या, आणि त्याची नोंद कुठल्या राजपत्रात नाही.

दादाच्या लग्नात ताट आलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "काय नाव लिहायचं?" दादा पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, विष्णुपुरीच्या प्रकल्पावर असायचा, आराखड्यात असेल तेवढंच करायची सवय. त्यानं अंगठीनं वहिनींचं होतं तेच नाव लिहिलं. मावश्यांनी नाकं मुरडली. पण आमची आई, जिच्याकडून मोठा विरोध होईल असं सगळे धरून चालले होते, ती म्हणाली, "ठिवू द्या की तिची सगळी नावं. माझं तर एकबी राहिलं नाही." आई माहेरच्या नावाबद्दल त्या आधी आणि त्यानंतर कधी बोलली नाही. तिच्या गावात एक म्हातारी होती, ती एकटीच तिला जुन्या नावानं हाक मारायची. आई मात्र दुसऱ्या हाकेला वळायची.

आशा भोसले हा वहिनींचा हुकमाचा एक्का. "१९८० साली बर्मनांशी लग्न झालं, तरी त्या भोसलेच राहिल्या. कुणी गॅझेट मागितलं?" त्यावर अण्णा म्हणायचे, "पण भोसले हे तरी सासरचंच ना?" आणि वहिनींना चहा ठेवायची आठवण व्हायची.

मधे एकदा तडजोड म्हणून दोन्हीकडं जोडनाव लावायचं ठरलं. पेंटर अक्षराला पैसे घेणारा, खूश झाला. 'डॉ. पाटील-देशमुख' असा लांबलचक बोर्ड लागला. आठ दिवसांत पेशंट विचारायला लागले, "देशमुख मॅडम हैत, ते कळलं. पाटील सर कोणत्या टायमाला बसतात?" लातूरला उलटं. तिथं दादा वहिनींना घ्यायला गेला की सगळा औसा रोड त्याला "या पाटीलसाहेब" म्हणतो. दादा "नमस्कार, नमस्कार" करत आत जातो. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही दुरुस्ती केलेली नाही. त्याला या बदलासाठी कागद लागला नाही, फोटो लागला नाही, की फी लागली नाही. जोडनावाचा बोर्ड मात्र उतरवला.

दोन नावांचा परिणाम असा, की दोन्ही डॉक्टरीणबाईंची कीर्ती वेगवेगळी वाढली. पाटील मॅडम कडक पण हाताला गुण, देशमुख मॅडम गोड पण जरा नवख्या, असं जनमत आहे. वहिनींना देशमुखांचा राग येतो, कारण पाटलांची तारीफ त्यांना नांदेडमध्येच ऐकावी लागते.

मागच्या वर्षी मुदखेडकडची एक बाई सासूला घेऊन नांदेडला आली. वहिनींनी तपासलं, रिपोर्ट बघितले आणि सांगितलं, पिशवी काढायची काही गरज नाही, गोळ्यांनी भागेल. सासूला ते पचलं नाही. एवढ्या लांब येऊन नुसत्या गोळ्या? गुरुवारी दोघी एसटीनं लातूरला, पाटील मॅडमकडं. वहिनींच्या तोंडाला मास्क होता. सासू म्हणाली, "नांदेडची देशमुखबाई म्हणली पिशवी काढू नका. आता तुमी सांगा." वहिनींनी मास्क खाली केला. सासूनं दोन मिनिटं टक लावून बघितलं.

"बाई, तुमची बहीण हाय का नांदेडला?"

वहिनींनी कंपाउंडरकडं बघितलं, छताकडं बघितलं. "आहे," म्हणाल्या. "आणि ती म्हणते ते बरोबर आहे."

"आता पटलं," सासू म्हणाली.

एकाच सल्ल्याची फी दोनदा कशी घ्यायची, म्हणून वहिनींनी पैसे नको सांगितलं. सासू ऐकेना. फुकटच्या औषधाला गुण येत नाही म्हणून नोटा टेबलावर ठेवून गेली. सोमवारी दोघी परत डॉक्टर लेनमध्ये हजर, गोळ्या लिहून घ्यायला. "तुमच्या थोरल्या बहिणीनं बी तेच सांगितलं बगा."

"थोरली कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"ती जरा समजदार वाटली."