अदखलपात्र सायकल

सायकलचोरीत आधी किंमत ठरते, मग गुन्हा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. चोराला असा आदेश लागत नाही. सायकल सापडलीच, तर मालकी सिद्ध करायला पायडलच्या नळीखालचा, चिखलाने बुजलेला फ्रेम नंबर आणि कधीच हरवलेली पावती हवी. मडगार्डवरचं नाव तोवर खरवडलेलं असतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण भंगारवाल्याच्या काट्याला वजनच तेवढं कळतं. त्यात जालना पडलं सळयांचं गाव. इथल्या भट्ट्या भंगारावर चालतात. किलोच्या भावाने गेलेली सायकल वितळून स्लॅबमध्ये जाऊन बसते, कदाचित मालकाच्याच घराच्या.