पुढच्या रांगेचा भाव

“ओ वैनी, ऐकलासा काय? मंडळाच्या पोरांनी यंदा फ्लेक्स बंद केलाय.”

“बंद? मग पावसाळ्यात आमच्या गोठ्यावर काय घालायचं?”

“हातानं रंगवलेले कापडी फलक लावणार हाईत. निवृत्ती चौकापासनं उभ्या मारुतीपर्यंत, एक खांब सोडून एक. काल मी पेंटरकडं जाऊन बघून आलो. खळ लावून ताणलेला मांजरपाट, त्यावर दोरीला खडू लावून मारलेल्या चौकटी. हातातल्या कागदावर तेवढ्याच, पण बारक्या. एकेक घर बघत खासबागेतला पैलवान मोठा करत हुता. नुसत्या मांडीला सकाळ गेली.”

“आन् फ्लेक्सवाला सांजच्याला पंचावन्नचा माणूस पंचविशीचा करून छापून देतोय!”

“पण कोल्हापूरला ह्यो नाद जुना. बाबूराव पेंटर आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवत सिनेमात शिरले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं 1924 चं पोस्टर अजून दाखवत्यात.”

“आन् ते कांबळे? शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्र काढलेले?”

“जी. कांबळे! 1960 ला मुंबईत ‘मराठा मंदिर’ला ‘मुगल-ए-आझम’ लागला, त्याची पोस्टरं त्यांचीच. के. आसिफनं शांतारामबापूंच्या राजकमलमधनं फोडून नेलं हुतं त्यांना. विलायती रंगावर लाखांनी पैसा ओतला म्हणं. कांबळ्यांना कबूल केलेलं मात्र हातात पडलंच न्हाई म्हणत्यात.”

“आगं बया! रंगाला पैसा आन् रंगवणाऱ्याला ठेंगा?”

“म्हणून तर आपल्या पेंटरनं निम्मे आधी मोजून घेतले. खजिनदार लागला कुरकुरायला. म्हणतोय, ‘पैसं कशाला, तुझं नाव हुईल की पेठंत.’ पेंटर म्हणाला, ‘वाणी नावावर तांदूळ देत असला तर आजच नाव द्या.’”

“बरं झालं, जिरली!”

“खरी गंमत पुढंच हाय. फलकावर रंकाळा, चपला शिवणारा कारागीर, पैलवान. फोटो कुणाचाच न्हाई. अध्यक्षांचा न्हाई, भावी नगरसेवकांचा तर न्हाईच न्हाई.”

“मग वर्गणी कोण देणार, रंकाळा?”

“तेच रामायण झालं परवा बैठकीत. भावी साहेब उठून निघालेच. म्हणाले, कोपऱ्यात एवढंसं तरी तोंड दाखवा. पेंटर ऐकंना. मला तरी त्याचंच पटलं. एक तोंड घेतलं की मागनं शुभेच्छुकांची अठरा येत्यात, पैलवान जातोय खाली पायपुसण्यागत.”

“मग तुटलं?”

“न्हाई वो. शेवटी पेंटरनंच तोड काढली. कुस्ती म्हटल्यावर बघायला गर्दी पायजेच. जादा वर्गणी देणाऱ्याचं तोंड त्या गर्दीत काढणार. हात जोडलेलं न्हाई, नाव न्हाई, डोक्याला फेटा. अध्यक्षांनी पाचशे दिलं बी.”

“पाचशे... आक्का, आमच्या ह्यास्नी पुढच्या रांगेत बसवायचं तर किती पडतील वो?”