तिन्ही दरबारांच्या सेवेशी, मुक्काम संकेश्वर

मेहेरबान मायक्रोसॉफ्ट साहेब, मुक्काम रेडमंड. श्रीमंत अ‍ॅपल सरकार, मुक्काम कुपर्टिनो. आणि ज्यांस कचेरी नाही, शिक्का नाही, पत्र कोठे धाडावे याचा ठिकाणाही नाही असे सर्वसंचारी लिनक्स महाराज, यांस संकेश्वर, तालुका हुक्केरी, जिल्हा बेळगाव येथील एका सेवानिवृत्त कारकुनाचा कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, घरात नवा संगणक घ्यावा असा ठराव आमच्या कुटुंबात एकमताने संमत झाला असून, तो आपणां तिघांपैकी कोणाच्या अमलाखालचा असावा, एवढे एकच कलम अनिर्णित राहिले आहे. हे कलम किरकोळ आहे अशी आमची समजूत होती. परंतु बंगळुरास नोकरीस असलेले आमचे चिरंजीव आणि पुण्यास स्थायिक झालेले आमचे जावई दिवाळीस एका पंक्तीस बसले, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वीच उभयतांनी आपापल्या दैवताचा असा काही जयघोष आरंभिला की, ज्या गृहस्थांनी एकमेकांच्या प्रकृतीची वा मुलांच्या शाळेची कधी चौकशी केली नव्हती, ते एकमेकांच्या कळफलकाची निंदा करताना घामाघूम झालेले पाहून भक्तिमार्गाचे सामर्थ्य आम्हांस नव्याने कळले. त्या यंत्रावर काम काय करावयाचे आहे, हा प्रश्न मात्र रात्री दिवे मालवेपर्यंत कोणासही सुचला नाही.

असला तंटा तोडण्याचा अधिकार कोणास असेलच, तर तो आमच्या मुलखास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या सीमेच्या तंट्यासाठी १९६६ साली महाजन आयोग बसला, १९६७ साली त्याने निपाणी महाराष्ट्रास आणि बेळगाव म्हैसुरास अशी वाटणी सुचविली, आणि ती कागदावरच राहिली. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढ्या अवधीत आम्ही जमिनीचा उतारा कानडीत काढतो, मिरचीचा भाव गडहिंग्लजच्या बाजारात मराठीत करतो, आणि नवस जी भाषा आधी तोंडात येईल तीत बोलतो. निकालावाचून संसार कसा रेटावा, या विद्येत आमच्या तोडीचा पंडित आपणांस कुपर्टिनोत मिळणे कठीण.

मायक्रोसॉफ्ट साहेब, प्रथम आपण. आपल्या प्रणालीसोबत जी लांबलचक कबुलायत येते, आणि जी न वाचताच ‘मान्य’ म्हणण्याचा शिरस्ता जगभर पडला आहे, ती आम्ही कारकुनी सवयीने अथपासून इतिपर्यंत वाचली. तीत स्वच्छ लिहिले आहे की आज्ञावली विकली जात नाही, वापरण्याचा परवाना तेवढा दिला जातो. साहेब, आमच्या जिल्ह्याने मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा पाहिला आहे आणि कर्नाटकाची १९७४ ची जमीनसुधारणाही पाहिली आहे. सातबारावर मालक म्हणून ज्याचे नाव नव्हते, तो कसणारा या कायद्यांच्या आधारे जमिनीचा धनी झाला. आपल्या वतनात मात्र दहा वर्षांच्या अखंड वहिवाटीचे फळ असे की, २०१५ साली दिलेली विंडोज १० ही प्रणाली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निराधार ठरते, आणि नव्या प्रणालीच्या दाराशी गेलेल्या धडधाकट यंत्रास, तुझ्या पोटात टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपची दुसरी आवृत्ती नाही, या कारणास्तव परत पाठविले जाते. यंत्राचा पंखा फिरतो, पडदा उजळतो, हिशेब चुकत नाही. गुन्हा एवढाच की ते अवेळी जन्मले. काही अटींवर आणखी एक वर्षाची मुदतवाढ आपण देऊ केलीत, हे आपले औदार्य नोंदवून ठेवतो.

श्रीमंत अ‍ॅपल सरकार, आपली गोष्ट वेगळी. आपला मॅकिन्टॉश १९८४ साली अवतरला, आणि तेव्हापासून आपण त्याचे काळीज तीन वेळा बदललेत: मोटोरोलाच्या जुन्या घराण्यातून १९९४ साली पॉवरपीसीकडे, २००६ साली इंटेलकडे, आणि २०२० पासून स्वतःच्याच घरच्या चिपकडे. दर खेपेस आधीचे काळीज मुळातच सदोष होते असे आपल्या भक्तांनी आम्हांस गंभीरपणे सांगितले, आणि आदल्या वर्षापर्यंत तेच काळीज सर्वोत्तम असल्याचेही त्यांनीच सांगितले होते. २०२५ च्या सप्टेंबरात आपण बंगळुरास हेब्बाळ येथे आणि दोनच दिवसांनी पुण्यास कोरेगाव पार्क येथे दुकाने उघडलीत. ही दोन्ही नगरे जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावावरून जातो. म्हणजे दर्शनास दक्षिणेस जावे की उत्तरेस, हा नवाच सीमाप्रश्न आपण निर्माण केलात, आणि त्यासाठी आयोग नेमण्याचे सौजन्यही दाखविले नाहीत. किंमत विचारल्यावर दोन्ही दिशा सारख्याच दूर वाटू लागल्या, ही गोष्ट निराळी.

लिनक्स महाराज, आपली तक्रार करावी तर कोणाकडे? १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपला पाया घातला, जगभरच्या हजारो जणांनी त्यावर भिंती रचल्या, आणि ती वास्तू कोणीही घ्यावी, बदलावी, पुन्हा वाटावी अशी सनद आपण देऊन बसलात. केरळच्या सरकारी शाळांतील मुले आपल्याच अमलाखाली संगणक शिकतात, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने बॉस नावाची आपली एक देशी शाखाही काढली. हे सर्व वंदनीय आहे. परंतु महाराज, आमच्या भागात साखर सहकारी, पतपेढी सहकारी, आणि हुक्केरी तालुक्यात वीजसुद्धा सहकारी संस्था वाटते. ज्या सहकारात चेअरमन नाही, पॅनेल नाही, निवडणुकीच्या आदल्या रात्रीचे जेवण नाही, तो सहकार खरा आहे यावर या जिल्ह्यात कोण विश्वास ठेवील? शिवाय आपल्या इतक्या शाखा-उपशाखा आहेत की, आपला अनुग्रह घ्यावयास गेलेला मनुष्य उबुंटू, डेबियन, फेडोरा आणि मिंट यांच्या अनुयायांत सापडून, पुन्हा घरी येऊन वही-पेन्सिल काढतो.

असो. आता ज्या गोष्टीचा उच्चार तिन्ही दरबारांचे भाट कटाक्षाने टाळतात, तिकडे वळतो.

आमच्या नात्यातील एका लग्नाची पत्रिका छापावयाची होती. वर गडहिंग्लजकडचा, वधू गोकाककडची. तेव्हा डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कानडी, हे ओघानेच आले. मराठी मजकूर तिकडच्या छापखान्यात जुळला आणि पेनड्राइव्हवरून इकडच्या छापखान्यात आला. तेथील मुलाने फाइल उघडली, आणि पडद्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी डॉलर, टक्के आणि उलटी-सुलटी स्वल्पविरामचिन्हे प्रकट झाली. मुलगा हुशार, त्याने सर्व मजकूर निवडून त्यास आपल्याजवळचा कानडी फॉन्ट लावला. तत्काळ त्या चिन्हांची सुबक, वळणदार कानडी अक्षरे झाली, फक्त त्यांस अर्थ नव्हता. वधूच्या मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि हे कोणाचे नाव आहे असे अत्यंत आदराने विचारले.

यात यंत्राचा दोष नव्हता, दोन्हीकडे एकाच दरबाराची प्रणाली होती. मूळ कारण असे की, संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. आणि जुन्या काळी प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर आपापल्या मर्जीने देशी अक्षरांचे तुकडे बसविले. मराठीत श्रीलिपी, आकृती, कानडीत नुडी, बरह. आणि प्रत्येकाचा जमाबंदीचा तक्ता निराळा. म्हणजे राज्यपुनर्रचनेने एक सीमा आखली होती, फॉन्टवाल्यांनी दर दुकानागणिक एक आखली. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत मराठी ‘क’ला २३२५ आणि कानडी ‘क’ला ३२२१ हा क्रमांक कायमचा बहाल झाला, आणि आज हे क्रमांक आपणां तिघांच्याही राज्यांत निर्वेधपणे चालतात. जे आयोगास साधले नाही ते एका क्रमांकवारीने साधले. तरी छापखान्यांच्या दफ्तरांत जुने फॉन्ट अजून ठाण मांडून आहेत, कारण जुन्या पत्रिकांचे साचे त्यांतच पडले आहेत.

याहून नवल पुढेच आहे. भारत सरकारने प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट नावाचा एक कळफलक आहे. त्यात स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली, आणि देशातील बहुतेक लिप्यांना तीच मांडणी. आम्ही प्रयोगादाखल ‘संकेश्वर’ हा शब्द मराठीत लिहिला, मग भाषा पालटून कानडीत लिहिला. दोन्ही वेळा त्याच कळा, त्याच क्रमाने. हा कळफलक आपणां तिघांच्याही पोटात आहे. परंतु तिघांच्या जाहिरातींत त्याचे नाव आम्हांस एकदाही आढळले नाही, आणि आमच्या गावची मुले इंग्रजी अक्षरे बडवून मराठी उमटविण्यात आपला पुरुषार्थ मानतात.

सबब, निर्णय असा. आमच्या गल्लीतील टंकलेखकाकडे विंडोज आहे, पतपेढीच्या मुनीमजींची टॅली तिच्यावरच चालते, आणि छापखान्यातील कोरलड्रॉची फाइलही तिच्यात उघडते; म्हणून आम्हीही तीच घेत आहोत. साहेबांनी हा आपल्या गुणांचा विजय समजू नये. यंत्र कोणते घ्यावे हे घेणारा ठरवीत नाही, फाइल ज्याच्या दारात न्यावयाची तो ठरवितो. चिरंजीवांस हे कळविले असता त्यांनी दीर्घ मौन धरले. जावईबापूंनी पेढे धाडले. जुने यंत्र मात्र आम्ही मोडीत काढणार नाही. त्यावर लिनक्स बसवून ते नातवाच्या हवाली करणार आहोत, एका अटीवर की त्याने प्रथम इन्स्क्रिप्ट शिकावे.

तरी तिन्ही दरबारांनी आपापल्या यंत्रांवर दोन्ही लिप्यांचा कळफलक पहिल्या दिवसापासून समोर मांडून द्यावा, अशी तजवीज व्हावी. या पत्राच्या अटी विस्ताराने पाठीमागे बारीक अक्षरांत दिल्या असून, आपण हे पत्र उघडले त्या क्षणीच त्या सर्व आपणांस मान्य झाल्या आहेत असे समजण्यात येईल. अटींत बदल करण्याचा अधिकार पूर्वसूचनेशिवाय आम्ही राखून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले कूळ,
संकेश्वर